स्विच परत आला आणि फाइल सिस्टम गेली: दोन नोडांच्या क्लस्टरमधील सामायिक डिस्कचे प्रकरण

दोन सर्व्हर, एक सामायिक डिस्क आणि त्यावर एकच डेटाबेस, ही लहान क्लस्टरची (एकच सेवा मिळून चालू ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या गटाची) नेहमीची मांडणी. ती बऱ्याचदा चुकीची बसवली जातेही. खाली घेतलेले प्रकरण अशाच मांडणीचे आहे. त्यातला घटनाक्रम तीन व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे दोन नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) आणि एक आयस्कझी टार्गेट (नेटवर्कवरून डिस्क पुरवणारे यंत्र) घेऊन, कुणालाही घडवून पाहता येईल. पाहावाच, पण चाचणीच्या डिस्कवर.

मांडणी

'अ' आणि 'ब' हे दोन रॅक सर्व्हर. दोन्हींवर रेड हॅट घराण्यातले लिनक्स ९, कोरोसिंक ३.१ (नोड जिवंत आहेत का ते पाहणारे) आणि पेसमेकर २.१ (सेवा कुठे चालवायची ते ठरवणारा). दोन कंट्रोलरच्या आयस्कझी स्टोरेज पेटीतून २ टीबीचा एक लन (पेटीने दिलेली डिस्क) दोन्ही सर्व्हरांना दिलेला. स्टोरेजसाठी दोन वेगळे स्विच, त्यामुळे प्रत्येक सर्व्हरला लनकडे जाणारे दोन मार्ग आणि वर ते मार्ग एकत्र सांभाळणारा मल्टिपाथ. लनवर एलव्हीएमचा (डिस्कची जागा वाटणाऱ्या व्यवस्थेचा) व्हॉल्यूम ग्रुप, त्यावर एक्सएफएस फाइल सिस्टम, त्यात पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस. पेसमेकरच्या गटात चार रिसोर्स (सांभाळायच्या गोष्टी) क्रमाने: व्हॉल्यूम ग्रुप चालू करणे, माउंट, डेटाबेस, शेवटी सेवेबरोबर नोड बदलणारा तरंगता आयपी.

वापरकर्त्यांची वर्दळ आणि कोरोसिंकचे नोड-नोड बोलणे मात्र एकाच ऑफिस स्विचवरून. सर्व्हरांच्या बीएमसीची (दुरून वीज चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाची) केबलही त्याच स्विचमध्ये, पण बीएमसीला आयपी देण्यापलीकडे कुणी काही केलेले नाही. क्लस्टरच्या सेटिंगमध्ये 'स्टॉनिथ एनेबल्ड' चे मूल्य 'फॉल्स', म्हणजे फेन्सिंग (बिघडल्यासारख्या नोडाला वीज तोडून किंवा डिस्कपासून अडवून बाजूला काढणे) बंद.

हे 'फॉल्स' कसे येते ते ठाऊक असलेले बरे. पेसमेकरमध्ये फेन्सिंग मुळातच चालू असते. फेन्सिंगचे एकही साधन नोंदवलेले नसेल तर तो एकही रिसोर्स सुरू करत नाही आणि लॉगमध्ये कारणही लिहितो. बसवणाऱ्याला डेमो दाखवायचा असतो. एका ओळीने ती तक्रार गप्प होते, चारही रिसोर्स हिरवे दिसतात आणि 'नंतर करू' म्हणून ठेवलेले काम तिथेच राहते. 'अ' बंद केला की 'ब' वर डेटाबेस चढतो, 'ब' बंद केला की 'अ' वर. चाचणी पास. पण नीट बंद होणारा नोड आपण जातोय हे सांगून जातो. न सांगता गेलेल्या नोडाची, आणि त्याहून वाईट म्हणजे गेलाच नाही पण गेलासा वाटणाऱ्या नोडाची चाचणी झालेली नसते.

घटनाक्रम

ऑफिस स्विचचे फर्मवेअर बदलताना तो रीबूट होतो. तीन-चार मिनिटे 'अ' आणि 'ब' एकमेकांना ऐकू येत नाहीत. स्टोरेजचे दोन्ही स्विच शाबूत आहेत, म्हणजे डिस्क दोघांनाही ठणठणीत दिसते आहे. सगळा घोळ या विसंगतीत आहे: नोड एकमेकांना दिसत नाहीत, पण डिस्क दोघांना दिसते.

कोरोसिंक ३.१ मध्ये टोकनची (नोडांमध्ये फिरणाऱ्या निरोपाची) मुदत मुळात ३ सेकंदांची असते. तेवढ्यात टोकन फिरून आले नाही तर उरलेल्यांशी नवे सदस्यत्व ठरवायला आणखी १.२ पट, म्हणजे ३.६ सेकंद. ६.६ सेकंदांच्या सुमारास दोन्ही नोडांवर एकच निकाल लागतो: समोरचा गेला.

इथे कोरम (निर्णयाला लागणारे बहुमत) आडवा यायला हवा, पण दोन मतांच्या क्लस्टरमध्ये बहुमत म्हणजे दोन्ही मते. म्हणून 'टू-नोड' ही सवलत दिलेली असते: एक मत असले तरी कोरम धरायचा. दोन्ही बाजूंना एकेक मत आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना कोरम आहे. 'टू-नोड' सोबत 'वेट-फॉर-ऑल' आपोआप लागू होते हे खरे, पण ते फक्त सुरुवातीला लागू पडते: ताज्या बूट झालेल्या नोडाने दुसरा एकदा दिसेपर्यंत थांबायचे. चालत्या क्लस्टरचे दोन तुकडे झाले तर त्याचा उपयोग नाही. 'टू-नोड' ची सवलत फेन्सिंग आहे हे गृहीत धरून दिलेली आहे. ते काढून घेतले की सवलतीला आधारच उरत नाही.

'अ' वर डेटाबेस चालूच आहे, त्याला काही करायचे नाही. 'ब' मात्र कामाला लागतो.

पहिली पायरी व्हॉल्यूम ग्रुपची. ग्रुपवर 'अ' ची सिस्टम आयडी (मालकाची खूण) आहे, त्यामुळे एरवी 'ब' ला तो चालू करता येत नाही. पण क्लस्टरच्या एजंटचे कामच मेलेल्या नोडाची मालकी आपल्याकडे घेणे हे आहे. तो आयडी बदलतो आणि ग्रुप चालू करतो. 'अ' ला याचा पत्ता लागत नाही, कारण सिस्टम आयडी तपासली जाते ती चालू करताना. 'अ' च्या कर्नलमध्ये डिव्हाइस-मॅपरचा (व्हॉल्यूम कुठल्या ब्लॉकांवर आहे याचा) तक्ता आधीच चढलेला आहे, तो तसाच चालत राहतो. सातबाऱ्यावर नाव 'ब' चे लागले, वहिवाट 'अ' ची सुरूच.

दुसरी पायरी माउंटची. 'ब' ला ही फाइल सिस्टम अनमाउंट न होता सुटलेली दिसते, म्हणून एक्सएफएस आपला लॉग (बदलांची नोंदवही) पुन्हा चालवते. तोच लॉग त्या क्षणी 'अ' लिहीत असतो. यापुढे दोन्ही नोड मोकळ्या ब्लॉकांचे नकाशे आपापल्या रॅममध्ये धरून बसतात आणि एकच ब्लॉक दोन वेगळ्या फायलींना वाटतात. एक्सएफएस किंवा एक्सटी४ मध्ये दुसऱ्या यंत्राशी कॅशे जुळवून घेण्याची सोयच नाही. जीएफएस२ सारख्या क्लस्टर फाइल सिस्टममध्ये ती असते, पण तीही फेन्सिंगशिवाय चालत नाही.

एक्सटी४ ला 'एमएमपी' नावाची एक जास्तीची सोय देता येते. माउंट करणारा नोड ठरावीक सेकंदांनी एका ब्लॉकवर खूण बदलत राहतो आणि नवा येणारा ती खूण हलते का ते पाहून मगच माउंट करतो. या प्रकरणात तिने 'ब' ला अडवले असते. एक्सएफएसमध्ये अशी सोय नाही.

तिसरी पायरी डेटाबेसची. पोस्टग्रेएसक्यूएल डेटा फोल्डरमध्ये आपला प्रोसेस क्रमांक लिहून ठेवते, म्हणजे तिथे दोन प्रती सुरू होणार नाहीत असे वाटते. पण तो क्रमांक जिवंत आहे का हे ती त्याच यंत्रावर पाहते. 'अ' वरची प्रोसेस 'ब' ला दिसत नाही. फाइल शिळी ठरते, बाजूला होते आणि क्रॅश रिकव्हरी सुरू होते. ही राखीव प्रतीची बढती नव्हे, रिकव्हरी आहे, त्यामुळे टाइमलाइनचा (डेटाबेसच्या इतिहासाच्या शाखेचा) आकडा वाढत नाही. दोन्ही प्रती त्याच टाइमलाइनवर, त्याच नावांच्या वॉल (बदल-नोंदीच्या) फायली लिहू लागतात.

चौथी पायरी आयपीची. स्विच बंद असल्याने 'ब' ची एआरपी घोषणा ('हा आयपी आता माझ्याकडे') कुणाच्या कानी पडत नाही.

या वेळी क्लायंट तर कुठूनच पोचत नाहीत, मग बिघडले काय, असा प्रश्न येतो. क्लायंट नसले तरी लेखन थांबत नाही. 'अ' वर चेकपॉइंट (रॅममधले बदल डिस्कवर उतरवणे) आणि ऑटोव्हॅक्यूम (जुन्या ओळींची सफाई) चालू आहेत, 'ब' ने रिकव्हरीनंतरचा चेकपॉइंट नुकताच लिहिला आहे. आणि मुख्य नुकसान अजून व्हायचे आहे.

स्विच परत येतो. कोरोसिंक काही सेकंदांत दोन्ही नोडांना एकत्र आणते. पेसमेकरला एकच रिसोर्स दोन नोडांवर चालू सापडतो, लॉगमध्ये 'दोन नोडांवर सक्रिय' अशी ओळ पडते. त्यावरचा मूळ उपाय 'दोन्हीकडे थांबवा, मग एकीकडे सुरू करा' असा आहे. थांबवणे म्हणजे काय? दोन्ही डेटाबेस बंद होतानाचा चेकपॉइंट लिहितात, मग दोन्ही नोड अनमाउंट करताना रॅममध्ये साचलेला सगळा मेटाडेटा डिस्कवर ओततात. आधीचे सांडणे थेंबाथेंबाने होते, इथे बादली उपडी होते. शेवटी एका नोडावर माउंट करायला गेले की 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' असे उत्तर मिळते. कधीकधी माउंट होतेही, आणि ते जास्त वाईट, कारण मग बिघाड काही दिवसांनी एखाद्या इंडेक्सवर उघडा पडतो. एक्सएफएसची सीआरसी (पडताळणीचा आकडा) काय किंवा पोस्टग्रेएसक्यूएलचा पान-चेकसम काय, एकेक ब्लॉक सुटा बरोबर आहे का एवढेच सांगतात. दोन नोडांनी लिहिलेले ब्लॉक आपापल्या जागी बरोबरच असतात. त्यांचा एकमेकांशी मेळ नसतो.

हाती लागल्यावर काय करायचे

आधी दोन्ही नोडांवर क्लस्टर थांबवायचा आणि तो बूटच्या वेळी आपोआप सुरू होणार नाही असे करायचे. मग 'ब' वरून आयस्कझीचे लॉगआउट. त्यानंतर स्टोरेज पेटीवर लनचा स्नॅपशॉट आणि त्यावरून क्लोन. पुढचे सगळे काम क्लोनवर. मूळ लनवर थेट एक्सएफएस रिपेअर चालवणे ही इथली सर्वांत महाग चूक. विशेषतः लॉग शून्य करणारा 'मोठा एल' पर्याय, जो चालवल्यावर मागे जाता येत नाही.

क्लोन 'फक्त वाचन' आणि 'नो-रिकव्हरी' या पर्यायांनी माउंट करायचा. मूळ लन त्याच यंत्रावर माउंट असेल तर यूयूआयडी (फाइल सिस्टमचा ओळख-क्रमांक) सारखा म्हणून एक्सएफएस नकार देते, तेव्हा 'नो-यूयूआयडी' जोडावे लागते. वाचता येईल ते आधी बाहेर काढायचे, मग रिपेअरची 'काही न बदलता' फेरी चालवून नुकसान किती ते पाहायचे.

दुरुस्त फाइल सिस्टमवरचा डेटाबेस उत्पादनात परत आणू नये. खात्रीचा रस्ता एकच: आधीचा बेस बॅकअप आणि संग्रहातल्या वॉल फायली घेऊन तुकडे पडण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत यायचे, आणि नंतरच्या नोंदी क्लोनमधून किंवा अॅप्लिकेशनच्या लॉगमधून हाताने जुळवायच्या. इथे संग्रहाची आज्ञा कशी लिहिली आहे त्याला फार महत्त्व येते. फाइल आधीच असेल तर अपयश परत द्यायचे अशी ती लिहिलेली असेल, तर त्याच नावाची दुसरी वॉल फाइल पहिलीवर चढत नाही. साधी कॉपी असेल तर 'अ' चा इतिहास 'ब' च्या फायलींनी पुसला गेलेला असू शकतो. संग्रह त्याच लनवर असेल तर प्रश्नच मिटला.

नवी मांडणी

सुरुवात फेन्सिंगपासून. कोरमपासून नव्हे. डिस्कवर कुणी लिहावे हे कोरम ठरवतो, पण दुसरा लिहीत नाही याची हमी तो देत नाही. गोठलेला कर्नल कोरम गेल्याची आज्ञा पाळू शकत नाही. मल्टिपाथमध्ये 'मार्ग नसेल तर रांगेत ठेवा' असे असेल तर तुटलेल्या नोडाचे लेखन मिनिटामिनिटाने साठत जाते आणि मार्ग परत आला की, दुसऱ्या नोडाने ताबा घेऊन बराच वेळ झाल्यावर, डिस्कवर उतरते. साध्या आयस्कझीतही बदली मुदत (तुटलेले सत्र परत जुळण्याची वाट पाहण्याची) मुळात १२० सेकंदांची असते, म्हणजे तुटलेले सत्र दोन मिनिटे आपली विनंती धरून ठेवू शकते. ६.६ सेकंदांत निर्णय घेणाऱ्या क्लस्टरपुढे हे दोन मिनिटांचे शिळे लेखन म्हणजे सुरुंग. मल्टिपाथ असताना ही मुदत ५ सेकंदांच्या आसपास आणतात, पण तो झटपट मार्ग बदलण्याचा उपाय आहे, फेन्सिंगचा पर्याय नाही.

पहिला स्तर वीज तोडण्याचा. दोन्ही बीएमसींच्या केबल ऑफिस स्विचमधून काढून वेगळ्या छोट्या स्विचमध्ये घालायच्या आणि 'फेन्स आयपीएमआय-लॅन' ची दोन साधने नोंदवायची, प्रत्येक नोडासाठी एक. त्यांतला 'लॅन-प्लस' पर्याय चालू ठेवायचा. एक बारीक पण जिव्हारी लागणारी गोष्ट: सिस्टमडी-लॉगिनडीमध्ये पॉवर बटणाला 'दुर्लक्ष करा' सांगितले नाही तर बीएमसीचा इशारा बटण दाबल्यासारखा पोचून सर्व्हर सभ्यपणे बंद व्हायला लागतो. सभ्यपणे म्हणजे अनमाउंट करून, म्हणजे साचलेले सगळे लिहून! फेन्सिंग तत्काळ वीज जाण्यासारखेच असले पाहिजे.

बीएमसीची दुबळी बाजू ही की तिला वीज त्याच सर्व्हरच्या पुरवठ्यातून मिळते. सर्व्हरच्या दोन्ही पॉवर केबल निघाल्या तर बीएमसीही मुकी होते, फेन्सिंगला 'झाले' असे उत्तर मिळत नाही आणि उरलेला नोड थांबून राहतो. तो थांबतो हे बरोबरच आहे. पण रात्री दोन वाजता कुणी येऊन हाताने पुष्टी देईपर्यंत सेवा बंद राहणे परवडत नसेल तर दुसरा स्तर हवा.

दुसरा स्तर डिस्कच्या दारातच: स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन. प्रत्येक नोड लनवर आपली किल्ली नोंदवतो. आरक्षण 'फक्त नोंदणीकृतांना लेखन' या प्रकारचे, म्हणजे पाचव्या प्रकारचे. नोड काढायचा तर उरलेला नोड त्याची किल्ली 'प्रीएम्प्ट अँड अबॉर्ट' ने खोडतो आणि वाटेतल्या त्याच्या विनंत्याही रद्द होतात. त्यापुढे त्या नोडाचे प्रत्येक लेखन 'रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट' घेऊन परतते, एक्सएफएसला लॉग लिहिता येत नाही आणि ती स्वतःला बंद करून घेते. रांगेत साठलेले शिळे लेखनही दारातच अडते, कारण निर्णय नोडावर नाही, स्टोरेज पेटीत होतो.

मल्टिपाथ असल्याने 'फेन्स स्कझी' ऐवजी 'फेन्स एमपाथ' घ्यायचे. नोंदणी ही नोडाची नसते, मार्गाची असते: इनिशिएटर (सर्व्हरची बाजू) आणि टार्गेट (पेटीची बाजू) पोर्टची प्रत्येक जोडी वेगळी. मार्ग नंतर परत आला आणि त्यावर किल्ली नसेल तर निरोगी नोडाचेही लेखन त्या मार्गावर आपटते. मल्टिपाथच्या सेटिंगमध्ये रिझर्व्हेशनची किल्ली दिलेली असेल तर मल्टिपाथडी ती नव्या मार्गावर स्वतः नोंदवते. 'अ' ला १, 'ब' ला २ अशा किल्ल्या देऊन फेन्सिंग साधनाच्या होस्ट-नकाशात त्याच लिहायच्या आणि साधनाला 'अनफेन्सिंग पुरवते' ही खूण लावायची, नाहीतर बूट झाल्यावर किल्ली नोंदवलीच जात नाही. तपासणी सोपी आहे. किल्ल्या वाचल्या की चार दिसल्या पाहिजेत: १ दोनदा, २ दोनदा. तीन दिसल्या तर एका मार्गावर किल्ली नाही.

या स्तराची मर्यादा: नोड जिवंत राहतो, तरंगता आयपी धरून बसतो, आणि पाचव्या प्रकारात वाचायला मनाई नसल्याने कॅशेतले शिळे उत्तर देऊ शकतो. म्हणून किल्ली गेली की वॉचडॉगने (नोड ठप्प झाल्यास त्याला रीबूट करणाऱ्या घड्याळाने) नोड रीबूट करावा अशी जोड द्यायची. फेन्स एजंटांच्या संचात त्यासाठी तयार तपास-स्क्रिप्ट असते.

बीएमसीही नाही आणि रिझर्व्हेशनही भरवशाचे नाही, अशा ठिकाणी एसबीडी: छोटा वेगळा लन, त्यावर निरोपाच्या खोल्या, आणि प्रत्येक नोडात हार्डवेअर वॉचडॉग. वॉचडॉगची मुदत मुळात ५ सेकंद, निरोपाची त्याच्या दुप्पट, म्हणजे १०. मल्टिपाथला मार्ग बदलायला ५ पेक्षा जास्त सेकंद लागत असतील तर निरोगी नोडही स्वतःला मारून घेईल, तेव्हा दोन्ही मुदती त्या प्रमाणात वाढवायच्या.

आता कोरम. तिसरा पूर्ण नोड घ्यायची गरज नाही. एका लहान यंत्रावर कोरोसिंक-क्यूनेटडी ठेवून दोन्ही नोडांवर क्यूडिव्हाइस जोडले की तिसरे मत मिळते. ते टीसीपी ५४०३ वरून चालते, क्लस्टरचे सदस्य नसते आणि दूरच्या इमारतीतही चालते. अल्गोरिदम 'एफएफ-स्प्लिट': समसमान तुकड्यांपैकी नेमक्या एकालाच मत. यानंतर 'टू-नोड' बंद झालेले असले पाहिजे, पीसीएस या आज्ञेने जोडले तर ते आपोआप होते. क्यूडिव्हाइस त्याच ऑफिस स्विचमागे ठेवले तर स्विच गेल्यावर दोघांकडे तीनपैकी एकेकच मत उरेल आणि दोन्ही नोड सेवा थांबवतील. डेटा वाचेल, सेवा जाईल.

क्यूडिव्हाइस आल्यावर दोघांनी एकमेकांना एकाच वेळी गोळी घालण्याची शर्यतही मिटते, कारण कोरम नसलेला तुकडा फेन्सिंग करत नाही. क्यूडिव्हाइस नसेल तर ज्या नोडावर डेटाबेस आहे त्याला सवलत देणारा 'प्रायॉरिटी फेन्सिंग डिले' लावायचा. मात्र रिसोर्सला प्राधान्याचा आकडा दिला नसेल तर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

आणि कोरोसिंकला दुसरी वाट: दोन सर्व्हरांमध्ये थेट एक केबल. ऑफिस स्विच गेला तरी सदस्यत्व तुटतच नाही. आधीची मांडणी एवढ्यानेच त्या दिवशी वाचली असती हे खरे, पण पुढच्या वेळी गोठलेल्या कर्नलने तीच गत झाली असती.

बसवताना सापडणाऱ्या खोड्या

'ब' हा 'अ' च्या प्रतिमेवरून उतरवलेला असेल तर आयस्कझी इनिशिएटरचे नाव दोन्हींवर तेच राहते. टार्गेट दोघांना एकच समजते, एकाचे लॉगिन दुसऱ्याचे सत्र पाडते, आणि लॉगमध्ये काही सेकंदांच्या अंतराने सत्र तुटण्या-जोडण्याचा खेळ दिसतो. किल्ल्यांची नोंदणीही मग निरर्थक ठरते. नवे नाव 'आयस्कझी-आयनेम' ने बनवून स्टोरेज पेटीवरच्या परवानगीतही बदलायचे. मशीन-आयडी आणि होस्टनेम त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण अशा क्लस्टरमध्ये एलव्हीएमची सिस्टम आयडी सहसा होस्टनेमवरून घेतलेली असते.

एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी माउंट करायच्या डिस्कांच्या यादीत) जुनी माउंटची ओळ राहिलेली असते. व्हॉल्यूम ग्रुपचे आपोआप चालू होणेही बंद केलेले नसते. दोन्ही गोष्टी क्लस्टरच्या पाठीमागून डिस्क उघडतात.

चाचण्या

सदस्यत्व तोडण्यासाठी इंटरफेस खाली आणणे ही जुनी, दिशाभूल करणारी पद्धत. फायरवॉलवर पहिल्या वाटेचे यूडीपी ५४०५ आणि दुसऱ्या वाटेचे ५४०६ दोन्ही दिशांनी अडवायचे. ६.६ सेकंदांच्या आसपास सदस्यत्व तुटले पाहिजे, एकाच नोडावर वीज गेली पाहिजे, आणि दुसऱ्यावर फेन्सिंग यशस्वी झाल्याची ओळ माउंटच्या ओळीच्या आधी आली पाहिजे. हा क्रम लॉगमध्ये डोळ्यांनी पाहायचा.

नंतर: सिस-आरक्यूने कर्नल पाडणे, कोरोसिंकला सिग-स्टॉप देऊन गोठवणे, दोन्ही पॉवर केबल ओढणे (इथे पहिला स्तर अपयशी होऊन दुसरा चालला पाहिजे), आणि डेटाबेस चालू असलेल्या नोडाचे दोन्ही स्टोरेज मार्ग काढणे. १ जीबीच्या वेगळ्या चाचणी-लनवर एका नोडाची किल्ली खोडून त्याच नोडावरून लिहून पाहायचे. लेखन यशस्वी झाले तर ती स्टोरेज पेटी रिझर्व्हेशन 'असल्याचे' सांगते, पाळत मात्र नाही, आणि दुसरा स्तर एसबीडीवर न्यावा लागेल. स्टोरेजचे फर्मवेअर बदलल्यावर ही एक चाचणी तरी पुन्हा करायची.